गळ्यातले बोळे
भोंग्याचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, आणि शेजारच्या दोन घरांचाही. त्याला गजर लागत नसे. पण उठल्याबरोबर तो बायकोला टॉवेल कुठे आहे ते विचारायचा आणि ती घरंही जागी व्हायची. टॉवेल रोज खिळ्यालाच असायचा.

भोंगा हे नाव त्याच्याकडे बापाकडून आलं होतं. बाप थोरला भोंगा, हा धाकटा. दोघेही एकाच कारखान्यात, प्रेस खात्यात सेटर. प्रेस म्हणजे पत्रा कापणारी, वाकवणारी मशीन. सेटर म्हणजे तिच्यात लोखंडी साचा बसवून, तो केसभरही हलणार नाही असा आवळणारा माणूस. साचा बसला की चार ठोके मारून बघायचे. ठोक्याचा आवाज टणक आला तर ठीक, पिचका आला तर सगळं खोलून पुन्हा पहिल्यापासून. पाना आवळताना दोन्ही खांदे भरून यायचे. कंटाळा केला तर माल भंगारात. भोंग्याने कधी कंटाळा केला नाही.

कारखाना कानात घालायचे रबरी बोळे फुकट द्यायचा. सगळे सेटर ते दोरीला बांधून गळ्यात मिरवायचे. थोरल्याने मुलाला पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "कान बुजवून सेटर होता येत नाही. प्रेस बोलते. ती ऐकायची." धाकट्याने ऐकली. ठोका ऐकायला बोळे काढायचे आणि पुन्हा घालायचे राहून जायचे. पुढे पुढे ते गळ्यातही राहिले नाहीत.

घरी मात्र सगळं खापर रक्तावर फुटायचं. थोरला ओरडायचा, धाकटा ओरडायचा, आता धाकट्याचा मुलगा त्याच खात्यात लागला होता आणि त्याचाही स्वर चढू लागला होता. "भोंग्यांचं रक्तच तापट," नातेवाईक म्हणायचे. भोंगाही तेच म्हणायचा. त्यात सोय होती. रक्ताचं कोण काय करणार? घरातल्या सगळ्यांनी सवय करून घेतली होती, फक्त चार वर्षांच्या नातीने नाही. आजोबांनी तोंड उघडलं की तिचे दोन्ही तळवे कानांवर. ती त्यांच्या मांडीवर कधी बसली नव्हती.

भोंगा निवृत्त झाला. हातात आलेले बरेचसे पैसे छप्पर बदलण्यात गेले. उरलेल्या पैशांवर बायकोने बोट ठेवलं. "कान दाखवून येऊ."

"ऐकू येतं मला!"

"ते कोपऱ्यावरच्या दुकानदारालाही कळलं. उठा."

कान तपासणाऱ्या बाई त्याच्या समोर बसून सावकाश बोलत होत्या. घरात आणखी कोणाला हा त्रास होता, असं त्यांनी विचारलं.

"बापाला. पण तो त्रास नाही, तापटपणा आहे. आमच्या रक्तातच आहे."

"त्यांना बहीण होती, कारखान्यात न गेलेली? ती कशी बोलायची?"

उत्तर बायकोने दिलं. "आत्याबाई? शेवटी कमी ऐकू यायचं त्यांना. पण बोलणं इतकं हळू, की पुढे सरकून बसावं लागायचं."

"म्हणजे घराण्यात कान थोडे नाजूक असतील," बाई म्हणाल्या. "रक्ताचं किती आणि कारखान्याचं किती, ते मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. पण बोळे घातले असते तर इतकं झालं नसतं. स्वतःचा आवाज कानात पोचत नाही, म्हणून तुम्ही तो वाढवता."

"बोळे घालून ठोका कसा कळणार?"

"तसंही शेवटची काही वर्षं ठोक्यातला फरक तुम्हाला ऐकू येणं शक्य नव्हतं. मग साचे कसे बसवलेत?"

भोंग्याने खाली पाहिलं. त्याचा उजवा हात आपोआप टेबलावर सपाट टेकला होता. ठोका मारताना तो असाच प्रेसच्या अंगावर हात ठेवायचा. धक्का तळव्यातून दंडापर्यंत चढायचा आणि साचा घट्ट की सैल ते सांगायचा. कान कधीच गेले होते. काम हात करत होता.

बाहेर आल्यावर तो बायकोला म्हणाला, "म्हणजे माझा राग रक्तातला नव्हताच."

"राग तुमचाच आहे हो. आवाज तेवढा कारखान्याचा."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला. आल्या आल्या त्याने लेकीला चपला जागेवर ठेवायला सांगितलं. तिचे तळवे कानांवर गेले. आजवर भोंग्याला वाटायचं, पोर फक्त आपल्यालाच घाबरते.

"बोळे घालतोस का रे?"

"बाबा, तुम्ही घालायचात?"

"नाही. म्हणूनच विचारतोय."

"मग ठोका काय वास घेऊन ओळखू?"

भोंग्याने वाद घातला नाही. मुलाला बाथरूमबाहेर थांबवून त्याने कपडे धुण्याच्या मशीनचा एक पाय फिरवून सैल केला आणि मशीन सुरू केली. मग मुलाला आत बोलावून त्याच्या दोन्ही कानांत कापूस कोंबला आणि त्याचा तळवा मशीनवर दाबून धरला.

"कुठला पाय सैल?"

मुलगा वैतागलेला होता. तरी हात न काढता उभा राहिला, मग बोटं जरा सरकवली. "मागचा डावा." खाली वाकून त्याने पाहिलं, तर तोच. पुन्हा उठून त्याने मशीनवर हात ठेवला. या वेळी स्वतःहून.

पुढच्या आठवड्यात बापलेक दोघेही बाईंकडे गेले. भोंग्याने स्वतःच्या दोन्ही कानांसाठी दोन श्रवणयंत्रं सांगितली होती, त्यातलं एक रद्द केलं. त्याऐवजी मुलाच्या कानांच्या मापाचे बोळे बनवायला सांगितले, दिवसभर घातले तरी न टोचणारे. त्यासाठी कानात मऊ लगदा भरून साचा घेतात.

"साचा?" मुलगा हसला. "मग नीट आवळा हो बाई."

यंत्र लावल्यावर दुसऱ्या दिवशी भोंग्याने टॉवेल मागितला आणि स्वतःच्याच आवाजाने दचकला. मग खिळ्याकडे जाऊन त्याने तो घेतला. नात अजून मांडीवर येत नाही, शेजारी बसते. तळवे खाली असतात.

इतकी वर्षं साडेचारला उठून मिळवलेल्या मजुरीतलं शेवटचं जे उरलं होतं, ते असं गेलं: बापाच्या एका कानाचं यंत्र आणि मुलाच्या दोन कानांचे बोळे. भोंग्याचा डावा कान तसाच राहिला.