रिकाम्या खुर्चीवरचे गुरुजी

“शास्त्रीगळे, तिच्या वर्गाचा खालपर्यंत आवाज येतोय. शुक्रवारपर्यंत रिपोर्ट द्या. ठेवायचं की नाही, एवढंच लिहा,” हेडमास्तर मला म्हणाले; ‘शास्त्रीगळे’ म्हणजे कन्नडमध्ये ‘शास्त्रीजी’.

प्रश्न वसुधाचा होता. तिचे प्रोबेशन, म्हणजे नेमणूक कायम होण्यापूर्वीचे परीक्षेचे वर्ष, संपत आले होते. नव्वदच्या दशकातील ही गोष्ट. बंगळूरच्या शिवाजीनगरात आमची शाळा. मी संस्कृत विभागाचा प्रमुख, ती माझ्या हाताखालची. इथल्याच जुन्या मराठी घरातली मुलगी.

पाठ होता एका छोट्या नाटिकेचा. गुरुकुलातील पोथी हरवते. विचारणा होते तेव्हा एक शिष्य गप्प राहतो. गुरू त्यालाच चोर ठरवून हाकलतात. पुढे पोथी गुरूंच्याच बैठकीखाली सापडते. मी हा पाठ वर्षानुवर्षे शिकवला होता. पहिल्याच दिवशी तात्पर्य सांगून लिहवून घेत असे: गुरुभक्ती. परीक्षेत साऱ्या वर्गाचे उत्तर अक्षरशः एकच येई, आणि मला त्याचे समाधान वाटे.

मी वसुधाच्या वर्गात गेलो तेव्हा फळ्यासमोर एक रिकामी खुर्ची होती.

“हॉट सीट, सर,” वसुधा म्हणाली. “पात्र होऊन इथं बसायचं. बाकीच्यांनी प्रश्न विचारायचे. तात्पर्य मुलं शेवटी शोधतात.”

“आणि हा गोंधळ?”

“स्वल्प होतो, सर. आज गुरू व्हायला कोणी तयार नाही. सगळ्यांना शिष्यच व्हायचंय.” तिने खुर्ची माझ्याकडे वळवली. “तुम्ही बसाल?”

नकार देता आला असता. पण बसलो.

पहिले प्रश्न सोपे होते. पोथी कुठली, शिष्य किती. मग शेवटच्या बाकावरची रत्ना उठली. वर्षभरात तिचा आवाज मी ऐकला नव्हता. तिने कन्नडमध्ये विचारले, “गुरुजी, तो गप्प राहिला म्हणून तुम्ही त्याला चोर म्हणालात. त्याला भीती वाटत असेल, असं का नाही वाटलं?”

टीका, भाष्ये, सुभाषिते, सारे मनात धुंडाळले. आठवले ते वेगळेच: वर्गशिक्षक म्हणून सहामाहीच्या प्रगतिपुस्तकात रत्नाच्या नावापुढे मीच लिहिले होते: ‘अभ्यासात लक्ष नाही.’

“मी विचारलंच नाही,” मी म्हणालो. “चूक माझी.”

मग मागून एक मुलगा म्हणाला, “मग त्याची माफी मागितली का?”

“नाटिकेत नाही,” मी म्हणालो.

“मग शेवट अर्धाच आहे, सर,” रत्ना म्हणाली आणि खाली बसली.

वसुधाने एक शब्दही मध्ये घातला नाही. तिची ती शांतता मला आजही थोर वाटते. मी तिच्या जागी असतो तर त्या मुलांना तिथेच दटावले असते.

त्याच दुपारी रिपोर्ट दिला. हेडमास्तरांनी तो दोनदा वाचला.

“कायम करा, म्हणताय. आणि आवाजाचं काय?”

“दार लावून घ्यायला सांगतो.”

“तुम्हीही बसलात म्हणे खुर्चीत.”

“बसलो. पास झालो नाही.”

वसुधा कायम झाली. रत्नाच्या प्रगतिपुस्तकातील ओळ मी खोडून, शेजारी सही करून, नवी लिहिली. निवृत्त होईपर्यंत तो पाठ मी त्या खुर्चीत बसूनच शिकवला. तात्पर्य मात्र पुन्हा कधी आधी सांगितले नाही. ते मला ठाऊक आहे, ही माझी खात्री गेली होती.