पिठाने घासलेले खल

सत्त्याण्णव सालची गोष्ट. नावड्याची सत्यभामा नेरूळच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला होती. चार वर्षं हंगामी. आता कुठे कायम करण्याचा कागद विभागाच्या साहेबांच्या टेबलावर आला होता, सही तेवढी व्हायची होती.

क्षिप्रा मॅडम तिथे पीएच.डी. करत होत्या. तीळ, कारळे, भुईमूग अशा तेलबियांच्या पोटात कुठले जिवाणू राहतात, ते त्यांना शोधायचं होतं. बी कुटायचं, तेल काढून टाकायचं, उरलेल्यातून डीएनए वेगळा करायचा. कुटायचं आणि खल धुवायचं काम सत्यभामाचं.

दर खेपेला एका खलात बी न घालता नुसतं द्रावण फिरवत आणि ते नळीत भरत. त्या नळीत काही दिसता कामा नये; दिसलं तर बाहेरचं काहीतरी आत शिरलं म्हणायचं. आणि तीन आठवडे त्या रिकाम्या नळीच्या रकान्यातही जांभळ्या दिव्याखाली जिवाणूंच्या डीएनएचा चमकता पट्टा उमटत होता. मॅडमनी द्रावणं बदलली, हातमोजे बदलले, शेवटी तिथे डबा खायचाही सोडला.

"माझ्याच हाताला यश नाही हो, मावशी. साहेबांना सांगते, विषयच बदलून द्या."

सत्यभामाला पिशवीतली डबी आठवली. कारळ्याचा चिकटा साबणाने सुटेना, म्हणून तीन आठवडे ती भाकरीचं तांदळाचं पीठ डबीतून आणत होती. घरी तेलकट भांडं घासतो तसे खल पिठाने चोळायचे, मग पाण्याने धुवायचे. धुळीच्या कणावरही जिवाणू असतात, हे मॅडमनीच तिला सांगितलेलं. मग पिठात नसतील?

सही होईपर्यंत गप्प बसली असती तर कुणाला कळलं नसतं. दोन दिवस बसलीही. संध्याकाळी देवापुढे हात जोडले, पण मागायचं काय तेच सुचेना.

तिसऱ्या दिवशी ती मॅडमपुढे उभी राहिली. "मॅडम, खल मी तांदलाचे पिठान घासतंय. तेल निंगत नव्हता."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो मावशी! तीन आठवडे मी रडतेय आणि तुम्ही भाकऱ्या थापताय?"

"चूक माजी हाय. साहेबांना मीच सांगतंय."

साहेबांनी ऐकून घेतलं. "कायमचं आता पुढच्या वर्षी बघू," म्हणाले आणि कागद खणात टाकला. सत्यभामा "बरं" म्हणाली, बाहेर आली आणि मॅडमनी लिहून दिलेल्या औषधाने सगळे खल पुन्हा धुवायला बसली.

चार दिवसांनी मॅडमनी तिला जांभळ्या दिव्याखाली बोलावलं. तिळाचा पट्टा होता, कारळ्याचा होता. शेवटच्या, रिकाम्या नळीच्या रकान्यात नुसता काळोख.

"यात काय दिसतं?"

"काय पन नाय."

"काहीच नाही ना? मग पेढे आणा!"

"काय नाय दिसला त पेढे? आमचे गावान डोल्यांचे डॉक्टरकडं नेतान," सत्यभामा म्हणाली. मॅडम खुर्ची धरून हसत सुटल्या. ती मात्र त्या काळ्या रकान्याकडे अजून बघत होती. नकळत तिने हात जोडले आणि पुढच्या खेपेचा भुईमूग सोलायला घेतला.