दत्ताची पाच मिनिटं

वाळूजच्या एका कारखान्यात मी पाणी तपासते. तिथल्या कॅन्टीनमध्ये जेवत असताना जुन्या प्रयोगशाळेतल्या मॅडमचा फोन आला. "माधवी, दत्ता गेला गं... झटका आला." ताट तसंच राहिलं. त्याला आता दीड महिना झाला. पंधरा दिवसांपूर्वी लिहायला बसले असते, तर हा लेख वेगळा झाला असता.

दत्ता वैजापूरचा. शहरातल्या एका प्रयोगशाळेत, मॅडमच्या हाताखाली, आम्ही पीएचडीला एकाच दिवशी लागलो. काम एकच, माणसाच्या मूळ पेशी, म्हणजे स्टेम सेल, डिशमध्ये जिवंत ठेवायच्या. डिश भरली की त्यांना एकमेकींपासून सोडवून नव्या डिशमध्ये घालायचं. भारी नाजूक जात. त्याच्या पेशी जगायच्या, माझ्या दुसऱ्या दिवशी मरून तरंगत असायच्या. सोडवायच्या द्रावणात पाच मिनिटं ठेवा, असं दत्तानंच कागदावर लिहून भिंतीला चिकटवलं होतं. मी ते देवाच्या शब्दासारखं पाळायची. तो शेजारी उभा राहायचा. "घाई नको करू, पुरी पाच होऊ दे." पेशी मेल्या की स्वतः चहा आणून द्यायचा. "तुझा हात लई जड हाय, माधवी. पेशींना हात कळतो." मी तिथं हसायची आणि घरी येऊन रडायची. चार वर्षांनी पीएचडी सोडली. पुढे प्रयोगशाळेत एकच पक्की जागा निघाली, ती त्याला मिळाली. मला मनापासून आनंद झाला होता, पेढे मीच नेले होते.

तो गेल्यावर तिथं कुणाच्याच हातून पेशी जगेनात. "थोडे दिवस ये, तू त्याच्यासोबत काम केलंयस," मॅडम म्हणाल्या. मी रजा टाकून गेले. त्याच्या टेबलाच्या खणात खिशात मावेल एवढी वही सापडली. आमच्या पहिल्याच वर्षातलं पान, अक्षर त्याचंच. द्रावणात दोनच मिनिटं. चार-पाचच्या झुबक्यांतच सोडवायच्या, जास्त वेळ ठेवल्या की एकेकट्या पडून मरतात... म्हणजे शेजारी उभा राहून हा माणूस माझ्या पेशी मरायची वाट बघत होता? मी दुसरा अर्थ शोधला. खरंच शोधला. विसरला असेल, पुढे बदललं असेल, काय काय... पण पानावरची तारीख भिंतीवर अजून चिकटलेल्या त्या कागदावरच्या तारखेच्या आधीची होती.

मी दोनच मिनिटं ठेवल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मायक्रोस्कोपला डोळा लावला. तळाला घट्ट धरून बसलेल्या, छान पसरलेल्या पेशी. माझ्या डिशमध्ये हे मी पहिल्यांदाच बघत होते. आणि सवयीनं मागं वळून म्हणाले, "दत्ता, बघ ना!"

मागं त्याची खुर्ची होती. पाठीवर त्याचा अॅप्रन, त्यानं टाकला तसाच. भांडायला समोर माणूस तरी लागतो ना... मी त्या अॅप्रनवर ओरडले. काय बोलले, आठवत नाही. मॅडम धावत आल्या.

"काय झालं गं? मेल्या का?"

"नाही," मी म्हणाले. "जगल्या."