कमलाम्मांची बंद खोली

कमलाम्मांच्या मागच्या खोलीतला रेडॉनचा आकडा मर्यादेच्या बराच वर होता. शेजारच्या सगळ्या घरांचे आकडे खाली. विटा त्याच, गवंडी तोच, जमीनही तीच. पुढच्या आठवड्यात त्यांची मुलगी सेल्वी याच खोलीत बाळंतपणासाठी येणार होती. मी फोन करून आकडा कळवला आणि खोली पाहायला निघाले.

रेडॉन हा जमिनीतून येणारा वायू. रंग नाही, वास नाही. फरशीच्या फटींतून घरात शिरतो, बंद खोलीत साचतो. वर्षानुवर्षं श्वासातून गेला तर फुप्फुसाच्या कॅन्सरचा धोका वाढतो. तो मोजायला आमची चेन्नईची लॅब घरात प्लास्टिकचा छोटा कप टांगते. आत फिल्मचा तुकडा असतो. तीन महिन्यांत त्यावर बारीक खुणा उमटतात. त्या आम्ही मायक्रोस्कोपखाली मोजतो.

गाव चेन्नईच्या उत्तरेला, एन्नोरच्या पलीकडे, पंचवीस-तीस घरांचं. कमलाम्मा दारातच उभ्या होत्या.

"तुमचा फोन आला तेव्हा सेल्वीची सासू इथेच बसली होती. म्हणते, असल्या घरात सून पाठवणार नाही. पहिलं बाळंतपण आईकडे नाही, तर कुठे मॅडम?"

"या खोलीत झोपतं कोण?"

"कोणी नाही. तुमचा माणूस म्हणाला, कपाला हात लावू नका. घरात मुलाची दोन पोरं, ती ऐकतात होय? खिडकी लावली, दाराला कुलूप घातलं. तीन महिने उघडलं नाही. बाकीच्यांनी घेतली का एवढी काळजी? विचारा!"

मी तिथूनच लॅबच्या सरांना फोन लावून हे सांगितलं.

"मग टेस्ट बाद," सर म्हणाले. "बंद खोलीत वायू साचणारच. नवा कप टांगा."

"त्याचा आकडा तीन महिन्यांनी येईल, सर. आणि बाळंतिणीची खोली इथे चाळीस दिवस अशीच बंद ठेवतात. आपण नेमकी तीच मोजली आहे."

"बरं. उपाय करा, मग दोन दिवसांत आकडा देणारा मीटर लावा."

चाळीस दिवसांत काही बिघडत नाही, हे मी कमलाम्मांना स्पष्ट सांगितलं. धोका वर्षांचा असतो. त्यांना ते पटलं.

"पण सासूला हे कोण सांगणार? तुम्ही?"

भिंत आणि फरशी मिळतात तिथे लांब फट होती. गवंड्याने ती सिमेंटने बुजवली. खिडकी उघडी ठेवायला कमलाम्मा तयार नव्हत्या.

"पोराला वारा लागेल."

म्हणून छताजवळ समोरासमोर दोन झरोके पाडले.

"इथून वारा लागायला पोर ताडाएवढं हवं," गवंडी म्हणाला.

कमलाम्मा हसल्या. त्या दिवसात पहिल्यांदाच.

दार-खिडकी लावून दोन दिवस डिजिटल मीटर ठेवला. आकडा मर्यादेच्या खाली आला. सासूबाई स्वतः येऊन तो वाचून गेल्या. ठरल्या दिवशी सेल्वी आली. तिला मुलगी झाली. झरोके उघडे आहेत.

आमच्या फॉर्ममध्ये खोलीची लांबी, रुंदी, फरशीचा प्रकार, सगळं होतं. आता एक रकाना वाढला आहे: या खोलीत पुढे कोण राहणार?