आपोआप वर जाणारा दांडा

नाही नाही, ते जत्रेतलं भूत वेगळं, ते खोटंच होतं. हे लिही. मी तुझ्या धाकट्या आजीचं, माझ्या जावेचं सांगत होते. भाऊजी गेले आणि कॉफीचं दुकान हिच्या गळ्यात पडलं, त्या दांड्याच्या मशीनसकट. बटण दाबलं की कॉफी, असलं नव्हे ते. लांब दांडा खाली ओढायचा, आत स्प्रिंग दबते. सोडला की दट्ट्या खाली रेटला जातो, कपात कॉफी उतरते नि दांडा सावकाश वर जातो. दट्ट्याला रबराचे वायसर असतात. ते झिजले की पाणी गळतं, मग बदलायचे. भाऊजी बदलायचे, ही बघायची. बघून बघून शिकली. हात भारी साफ, पण तोंडात कायम मिठाची गुळणी.

वायसरला ग्रीस लागतं. भाऊजींची डबी संपली, हिने खायचं तेल लावलं. तेल ते तेल, म्हणाली. तिथून सुरू झालं बघ. दुपारी दुकान बंद, चिटपाखरू नाही, आणि खाली अडकलेला दांडा आपला हळूहळू वर. मी डोळ्यांनी पाहिलंय. अंगावर सरसरून काटा आला, कारण भाऊजी स्वतःची कॉफी काढायचे ते त्याच वेळी.

मग ही रोज दांडा ओढून खाली कप ठेवायची, समोर बसून बोलायची. दूधवाल्याच्या तक्रारी सांगायची. माझ्याही सांगत असेल, मेली.

मिस्त्री म्हणाला, तेलाने रबर फुगलंय म्हणून दट्ट्या अडकतो, कधी दांडा एकदम सुटला तर जबडा फोडेल. नवे वायसर नि ग्रीस देऊन गेला. हिने ते फडताळात टाकले. मी म्हटलं, बदल गं बाई. तर म्हणाली, "जाऊबाई, एवढंच येणं राहिलंय त्यांचं. तेही बंद करू?"

मी फडताळाचं दार लावलं.

तुझी आत्या, तिची लेक, तेव्हा एवढीशी. एका दुपारी स्टुलावर चढली, दांड्यावर हनुवटी टेकवली नि म्हणाली, "बाबा, मलाही उचला ना वर." जावेने झडप घालून तिला मागे ओढलं, तेवढ्यात दांडा खाडकन सुटला. पोरीची रिबीन तेवढी उडाली.

जावेने तिथल्या तिथे मशीन उघडलं. मी टॉर्च धरला. जुने वायसर गुबगुबीत निघाले, जळवांसारखे. नवे बसले, दांडा शहाणा झाला. पोर दारात रडत होती, "तू बाबांना घालवलंस." मरेपर्यंत हिने लेकीला कारण सांगितलं नाही आणि लेकीने ते बोलणं मागे घेतलं नाही.

आता दुकान आत्याचं. परवा दुपारी तिकडून येत होते. दार बंद, म्हणून काचेला डोळे लावले. दांडा हळूहळू वर चालला होता बघ. आणि खाली दोन कप, एक बापाचा, एक आईचा असणार.

उद्या जाशील ना तिच्याकडे, तेव्हा हे वाचून दाखव. वायसर बदल असं मी म्हणणार नाही. त्या दिवशी दांड्यावर तुझी हनुवटी होती म्हणावं, म्हणून आईने मशीन उघडलं. आणि आताही, बोलायचं तेवढं बोल, पण जरा लांब बसून.