कुंकू लावायचं की नाही

करंडा हातात घेऊन मॅनेजरसाहेबांच्या बाई माझ्यासमोर आल्या. कुंकवाचं बोट कपाळाजवळ आलं आणि तिथेच अडलं. संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. बाटल्यांच्या कारखान्यात काम करणाऱ्या आम्हा बायकांना त्यांनी बंगल्यावर बोलावलं होतं. आम्ही ओसरीवर. त्यांच्या बरोबरीच्या आत, सतरंजीवर.

"तुझा नवरा आहे की नाही गं?" त्यांनी विचारलं.

काय सांगणार? माझा नवरा पलटणीत होता. काश्मीरच्या लढाईत गेला तो बेपत्ता. मेला असं सरकार म्हणेना, जिवंत आहे असंही म्हणेना. कुंकू लावलं की सासू डोळे वटारायची. पुसलं की तिच्या पोराचं वाईट चिंतते म्हणून शिव्या द्यायची. इकडे आड, तिकडे विहीर. म्हणून मावळातलं सासर सोडून मी पिंपरीला आले होते.

"असं कर, नाव घे," बाई हसत म्हणाल्या. "नवऱ्याचं नाव घेतलंस की लावते. नाहीतर राहू दे बाई, सणाचा दिवस आहे."

मागून कुणीतरी बोललं, "जमनाचं घेऊ द्या की. तिच्यासंगंच नांदती ती."

सगळ्या हसल्या. माझ्याबरोबर बाटल्या धुणाऱ्यासुद्धा.

जमना शेजारीच बसली होती. निर्वासितांच्या कॅम्पातून कामाला आलेली सिंधी बाई. कराचीहून निघताना बंदरावरच्या गर्दीत तिची नवऱ्याशी चुकामूक झाली, ती कायमची. आम्ही दोघी एका खोलीत राहत होतो. एक चूल, एक वाकळ. मला ती आवडायची. बहिणीसारखी नाही. नवरा रजेवर यायचा तेव्हा मी रात्री उशिरापर्यंत भांडी घासत बसायचे. जमना नळावरून हंडा घेऊन येताना दिसली की जीव हलका व्हायचा. याला काय म्हणतात ते मला ठाऊक नव्हतं. हसणाऱ्या बायकांना मात्र ठाऊक होतं, आणि त्यांचा शब्द घाण होता.

नाव घेणं म्हणजे काय, हे जमनाला कळलं नव्हतं. हसणं कळलं. तिने मान खाली घातली. ती मान बघितली आणि माझं टाळकं फिरलं. घरदार जळताना बघून आलेली बाई ही. तिला तिळगूळ देऊन मान खाली घालायला लावता?

मी उभी राहिले.

"चुलीवर भाकर, भाकरीवर मीठ,
जमनासंगं ऱ्हाते मी, मान ठेवून नीट."

मग बाईंना म्हणाले, "आता लावा, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

बाईंनी बोट करंड्याच्या काठावर पुसलं आणि पुढच्या बाईकडे वळल्या. मी जमनाचा हात धरून ओसरी उतरले. भीती होती, पण राग तिच्याहून मोठा होता.

दुसऱ्या दिवशी मुकादम फाटकातच उभा.

"तिला सोड. येगळी खोली घे, मंग ये कामाला."

"काम काढायचं तर काढा. खोली एकच ऱ्हाईल."

त्याने दोघींचं काम काढलं. खोली कारखान्याचीच, तीही गेली. डोक्यावर बोचकी घेऊन आम्ही सांगवीपर्यंत हिंडलो. दारोदार एकच सवाल, एकमेकीच्या कोण लागता? मी म्हणायचे, "एका घरच्या." दार बंद व्हायचं.

सांगवीत एका म्हातारीने पाणी दिलं, बसवून घेतलं. पडवी रिकामी होती. तिला आमची दया आली असावी. हळूच म्हणाली, "मानलेल्या भैनी म्हना की गं. मला बी बरं, तुमाला बी बरं."

चांगली बाई होती. तिचंच बोलणं मला सगळ्यात जास्त लागलं. शिवी परतवता येते, मायेने पुढे केलेलं खोटं कसं परतवायचं?

"न्हाई, आजी. भैनी न्हाई आमी."

तिने तांब्या उचलला आणि आत गेली. जमना उपाशी होती. मला म्हणाली, "बोल देती तो क्या जाता?"

"आज म्हटलं की रोज म्हणावं लागंल," मी म्हणाले.

जमनाने बोचकं उचललं.

पुढच्या दारातही मी तेच सांगितलं. त्याच्या पुढच्याही. छप्पर मिळो न मिळो. नवरा लढाईने नेला, तिथे माझं काही चाललं नाही. जमनाला मी माझ्या तोंडाने नाकारणार नाही.