मराठी पासवर्ड
आज सकाळी मेल आला, लिनक्सवाल्यांना पाठवलेल्या माझ्या जुन्या सूचनेखाली आणखी कुणीतरी ‘मीही अडकलोय’ असं लिहिलंय, आणि परळच्या चाळीतल्या तापलेल्या मॉनिटरच्या धुळीचा वास पुन्हा नाकात शिरला. वडिलांच्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी फुकटचं लिनक्स मीच घातलं होतं. बिल्डरबरोबरच्या मीटिंगच्या आदल्या रात्री त्यांनी हौसेने पासवर्ड मराठीत ठेवला, आणि दुसऱ्या दिवशी सुरू करताना कीबोर्ड इंग्रजीवर गेलेला; भाषा बदलायची सोय आत गेल्यावरच. आत बिल्डरला द्यायचं चाळीचं पत्र होतं, वडिलांनी आठवडाभर एका बोटाने टाइप केलेलं: नव्या घराची तारीख लिहून द्या. खाली मीटिंगच्या खुर्च्या मांडल्याचे आवाज येत होते आणि कपाट नि पलंगाच्या फटीत आम्ही दोघं घामाने निथळत बसलो होतो. “माजोच कॉम्प्युटर माका आत घेणा नाय,” म्हणत वडील रिकाम्या हातांनी खाली गेले. मी फोनवरून लिनक्सवाल्यांना सूचना पाठवली, पासवर्ड विचारता तिथेच भाषा बदलू द्या. खाली बिल्डरचा माणूस म्हणाला, लेखी काही असेल तर बोला, आणि वडील मागच्या खुर्चीवर जाऊन बसले. चाळ कधीच पडली; नव्या घराची तारीख अजून मिळालेली नाही. आजचा मेल मी संक्रमण शिबिरातल्या खोलीत वाचून दाखवला. “काय म्हणतत ते लिनक्सवाले?” वडिलांनी विचारलं. म्हटलं, विचार चालू आहे म्हणतात. “म्हणजे तेय बिल्डरच,” ते म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.